बार बंद होण्याची वेळ ठरली, घरी जाण्याची सोय कोण करणार?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीवरून जाणाऱ्या दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला मद्य दिल्याच्या आरोपावरून संबंधित बारवर कारवाई झाली. पुढच्याच महिन्यात फर्ग्युसन रस्त्यावरील एक बार पहाटेपर्यंत चालू असल्याचे उघडकीस आले. लोकांचा संताप रास्तच होता आणि माझाही तो होता. मात्र तेव्हापासून पुण्यातील रात्रीच्या जीवनाबद्दलची सारी चर्चा बार किती वाजता बंद व्हावेत, एवढ्याच प्रश्नावर अडकली आहे. बंद झाल्यावर माणसे घरी कशी जातात, याची चौकशी कोणी करत नाही आणि माझ्या मते खरा धोका तिथेच आहे.

मी मुंढव्यात राहतो. माझा मावसभाऊ जवळच्याच एका परमिट रूममध्ये कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, आहे, त्यामुळे या व्यवसायाच्या दोन्ही बाजू मला रोज दिसतात. बार बंद करण्यासाठी रात्री दीडची मर्यादा असल्यामुळे एकच्या सुमारास ‘लास्ट ऑर्डर’ची हाक दिली जाते. ती ऐकताच बरीच टेबले एकदम दोन-दोन पेग मागवतात आणि जे मद्य एरवी तासभर पुरले असते, ते पंधरा-वीस मिनिटांत संपवले जाते. मग दिवे लागतात, संगीत थांबते आणि त्या पट्ट्यातील सगळ्या बारमधील माणसे एकाच वेळी रस्त्यावर येतात. मेट्रो अकराच्या सुमारासच बंद झालेली असते, बस मिळण्याची आशा नसते, ॲपवर कॅबचे भाडे दुप्पट झालेले असते आणि रिक्षावाले मीटरने यायला तयार नसतात. अशा वेळी दुचाकीची किल्ली खिशात असलेला तरुण काय करील, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

वेळेचे बंधन निरुपयोगी आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. सिडनीत २०१४ मध्ये शहराच्या मध्यभागी रात्री दीडनंतर बारमध्ये नवा प्रवेश बंद करण्यात आला आणि तीन वाजता मद्य देणे थांबवण्यात आले, तेव्हा किंग्ज क्रॉस भागातील मारामाऱ्या खरोखरच कमी झाल्या. त्याच काळात तिथली वर्दळ ओसरली, अनेक जागांना टाळे लागले आणि शेवटी २०२० व २०२१ मध्ये ते निर्बंध टप्प्याटप्प्याने मागे घेण्यात आले. वेळ आवळल्याने काही साधते आणि काही गमावले जाते. दोन्ही मोजूनच निर्णय घ्यायला हवा.

माझी सूचना साधी आहे. मद्य देणे एक वाजता थांबवावे, पण जागा लगेच रिकामी करायला लावू नये. अडीचपर्यंत जेवण, पाणी, चहा द्यावा आणि माणसांना आपापल्या सोयीने उठू द्यावे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने राज्यातील इतर दुकानांना चोवीस तास उघडे राहण्याची मुभा दिली असली, तरी मद्य देणाऱ्या जागा त्यातून वगळलेल्या आहेत, म्हणून तिथे मद्य थांबल्यावरही वरण-भाताची थाळी देता येत नाही. ३१ डिसेंबरला सरकार पहाटे पाचपर्यंत परवानगी देते, तेव्हा नाकाबंदी आणि जादा बंदोबस्ताचेही नियोजन होते. मग वर्षभराच्या शनिवारांसाठी त्याच्या काही अंशाने तरी नियोजन का होऊ नये?

धूम्रपानाच्या नियमाबाबत माझे मत अधिक कडक आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. तीस किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहाला धूम्रपानासाठी वेगळी खोली ठेवता येते, मात्र तिथे खाणे-पिणे देता येत नाही. या बंदीचा सर्वांत मोठा लाभ वेटरांना झाला, कारण आठ-दहा तास दुसऱ्याचा धूर छातीत भरून घेण्याची सक्ती कोणत्याही नोकरीत असू नये. ती वेगळी खोलीसुद्धा कोणाला तरी झाडावी लागते, म्हणून ती सवलतही काढून टाकावी, असे मला वाटते. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिल आवारातील पबला लागलेल्या आगीत १४ जीव गेल्यानंतर राज्याने २०१८ मध्ये हुक्का पार्लरवर बंदी आणली, तीही योग्यच होती.

परंतु आत न ओढलेली सिगारेट फाटकाबाहेर ओढली जाते. आमच्या गल्लीत रात्री बारानंतर दहा-बारा जणांचे घोळके पदपथावर उभे असतात, मोठमोठ्याने बोलत असतात आणि वर पहिल्या मजल्यावर कोणाचे तान्हे मूल जागे होते. रहिवासी पोलिसांना फोन करतात आणि आत कितीही शिस्त असली, तरी रहिवाशांच्या लेखी सगळेच बार सारखे ठरतात. बाउन्सर फाटकाच्या आतले पाहतो. बाहेरची जबाबदारी कोणाचीच नसते. ती परवानाधारकावरच टाकली पाहिजे.

परवान्याचे नूतनीकरण दरवर्षी होते. त्या वेळी राज्य उत्पादन शुल्क विभागाने शुल्कासोबत दोन गोष्टी लेखी मागाव्यात. पहिली म्हणजे, धूम्रपान करणारे गिऱ्हाईक बाहेर पडल्यावर दारासमोर व शेजाऱ्यांच्या खिडक्यांखाली गर्दी होऊ नये, यासाठी कोणता माणूस नेमला आहे. दुसरी म्हणजे, टेबले पुसून, हिशेब जुळवून आणि नोंदवही भरून तीनच्या सुमारास सुटणारे वेटर, स्वयंपाकी आणि भांडी घासणाऱ्या बायका कोणत्या वाहनाने घरी जातात.