हाडं चुन्याची नसतात, मावशी!

नागपुरातल्या घरगुती ग्रुपांवर फिरणारा तो मेसेज शेवटी आमच्या मावशीपर्यंत पोचला. पानठेल्यावरून चुन्याची डबीही आली. मेसेज म्हणतो: हाड म्हणजे चुनाच, चाळिशीनंतर तो झिजतो. रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यात घ्या, झीज भरून निघते. हाड मोडलं तर प्लास्टर नको, चुन्याचा लेप लावून करकचून बांधा.

शेवटचा सल्ला अक्षरशः हात घालवणारा आहे. मोडलेल्या जागी सूज पहिले एक-दोन दिवस वाढतच जाते. वरून आवळलं की आत स्नायूंवर दाब चढतो, रक्त पोचत नाही आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. बोटं बधिर झाली, दुसऱ्याने ती सरळ करताना जीवघेणी कळ आली, की पट्टी कापा आणि थेट मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल गाठा. नाडी लागते म्हणून थांबू नका, ती बरेचदा शेवटपर्यंत लागते. शिवाय ओल्या चुन्याचा पीएच 12 च्या वर. कातडी भाजते ते वेगळंच.

आता त्या दाण्याचा हिशेब. पूर्ण कोरडा 50 मिलिग्रॅम चुना धरला तरी कॅल्शियम 27 मिलिग्रॅम. ठेल्यावरचा ओला असतो, म्हणजे आणखी कमी. आयसीएमआर–एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2020 ची शिफारस प्रौढांना रोज 1000 मिलिग्रॅमची, पाळी गेलेल्या बायकांना 1200. दाण्यातलं कॅल्शियम चार-पाच चमचे दुधात मिळतं. चुन्यानेच भागलं असतं तर चुना लावलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळणाऱ्या विदर्भातल्या खर्रेबहाद्दरांची हाडं वज्राची झाली असती!

आणि हाड म्हणजे चुना? काहून? त्यातलं खनिज कॅल्शियम फॉस्फेटचं, वजनाने साधारण दोन तृतीयांश. उरलेलं मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन आणि पाणी. कोंबडीचं बारीक हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवा, खनिज विरघळून ते रबरासारखं वाकेल. जिवंत हाडात ऑस्टिओक्लास्ट पेशी आम्ल सोडून दोन-तीन आठवडे जुना भाग कोरतात. तो खड्डा भरायला हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींना तीन-चार महिने लागतात. त्यांतल्याच काही आत गाडल्या जाऊन ऑस्टिओसाइट होतात आणि हाडावर किती भार पडतो ते ओळखतात. चालणं बंद केलं की कोरणं वाढतं.

झिजेचं म्हणणं अर्धं खरं, तेवढं मान्य. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, ऑस्टिओक्लास्ट जास्त दिवस जगतात, भरणी मागे पडते. आधी पोखरतं ते जाळीदार हाड, म्हणून मणके आणि मनगट लवकर मोडतात. मावशीच्या वयात हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घ्यावा. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी तुलना करणारा आकडा, उणे 2.5 किंवा त्याखाली आला तर औषध लागतं, आणि ते पानठेल्यावर मिळत नाही.