‘कृत्रिम गांजा निर्धोक’ या दाव्यातील खोट

पोलीस भरतीचा सराव करणाऱ्या आपल्याकडील मुलांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की कृत्रिम गांजा हा गांजाच असून प्रयोगशाळेत बनत असल्याने शुद्ध असतो. पुडीत पाने दिसतात, म्हणजे तो शिवरात्रीच्या भांगेइतकाच निरुपद्रवी. पेशींना त्याचा अपाय नाही. आणि लघवीच्या तपासणीत तो सापडत नाही.

पहिला दावा मुळातच चूक आहे. गांजातील टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य मेंदूतील सीबी-१ ग्राहींना, म्हणजे पेशींवर ते जिथे चिकटते त्या जागांना, अंशतःच उद्दीपित करते. अमेरिकेतील जॉन हफमन यांच्या प्रयोगशाळेत संशोधनासाठी तयार झालेले जेडब्ल्यूएच-०१८ हे निराळ्याच रचनेचे रसायन त्या ग्राहींना सुमारे चौपट घट्ट चिकटते आणि पूर्णपणे उद्दीपित करते. २००८ च्या अखेरीस ते युरोपात ‘स्पाइस’ नावाच्या पुड्यांत सापडले.

पानांचे म्हणाल, तर ती सहसा भांगेची नसतात. कोणत्याही सुक्या पाल्यावर ॲसिटोन या द्रावकात विरघळवलेली अशा रसायनांची भुकटी फवारतात. पऱ्हाटीवर पंप मारणाऱ्याला सांगायला नको की फवारा सगळीकडे सारखा बसत नाही. त्यामुळे एकाच पुडीतली एक चिमूट फिकी, तर दुसरी जिवावर बेतणारी निघू शकते. शुद्धतेबद्दल एवढेच सांगतो, की २०१८ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात अशा मालात ब्रोडिफॅकूम हे उंदीर मारण्याचे औषध निघाले आणि दीडशेहून अधिक लोकांना रक्तस्राव झाला.

पेशींचा दावा सर्वांत घातक आहे. मानवी मूत्रपिंडाच्या नलिकांतील पेशींवर झालेल्या प्रयोगांत यांपैकी काही रसायनांनी मायटोकॉन्ड्रियाचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांचे, काम बिघडवले आणि पेशींना मरणाच्या वाटेवर ढकलले. तोंडाच्या आतील अस्तराच्या पेशींवर काही रसायने तपासली, तेव्हा जास्त मात्रेत पेशींचे आवरण फाटले. ही मात्रा रक्तात सहसा आढळते त्याहून बरीच मोठी होती हे खरे, आणि बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे हा आक्षेपही रास्त आहे. पण २०१२ मध्ये अमेरिकेत अशी पुडी ओढणाऱ्या १६ जणांची मूत्रपिंडे अचानक निकामी होऊ लागली आणि त्यांतील पाच जणांना डायलिसिसवर ठेवावे लागले, ही गोष्ट बशीतली नाही. खारपाणपट्ट्यात, म्हणजे विदर्भातील खाऱ्या भूजलाच्या भागात, घरोघरी मूत्रपिंडाच्या विकारांची धास्ती असताना आपल्या मुलांनी तरी असला संदेश पुढे ढकलू नये.

तपासणीचा मुद्दा अर्धा खरा आहे. नेहमीची पट्टी टीएचसीचे अवशेष शोधते, त्यामुळे ही रसायने तिच्यावर उमटत नाहीत. विशेष प्रयोगशाळांत मात्र ती ओळखता येतात. धोका निराळाच आहे. झटके येत असलेला मुलगा ग्रामीण रुग्णालयात आणला आणि पट्टी कोरी निघाली, तर डॉक्टर भलत्याच कारणाच्या मागे लागू शकतात. या रसायनांवर खास उतारा नाही. झटके, रक्तदाब आणि श्वास सांभाळणे एवढाच उपचार असतो. त्यामुळे सोबतच्या मित्रांनी काय ओढले ते डॉक्टरांना लगेच सांगावे आणि उरलेली पुडी फेकून न देता त्यांच्या हाती द्यावी.