कार्टूनवाल्या कादंबऱ्या राहूनच गेल्या न भाऊ

सिनेमावरून लिहिलेल्या सायफाय (विज्ञानकथा) कादंबऱ्यांवरचा तुमचा लेख वाचला, पण त्यात टीव्हीवरच्या कार्टून मालिकांवरून आलेल्यांचं नावच नाही. मले विचाराल तं पहिले गंडम घ्या. १९७९ ची जपानी मालिका, ४३ भागांची, अन् तिच्या कादंबरीचे तिन्ही खंड खुद्द दिग्दर्शक तोमिनोनंच लिहिले, म्हणून मालिकेपेक्षा लय कडू हाय, शेवट तं पार वेगळा (सांगत नाही, मजा जाते). आमच्या इकडे वरूडकडं ओलिताची लाईन रात्रीच येते, तवा मोटर चालू करून धुऱ्यावर बसून मोबाईलवर वाचत होतो, नादात दांड फुटला अन् पाणी सारं शेजारच्या काकाच्या वावरात, सकाळी शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

मंग रोबोटेक. तीन वेगवेगळ्या जपानी मालिका शिवून अमेरिकेत ८५ भाग केले, १९८५ मधे. पुस्तकं १९८७ पासून, लेखक जॅक मॅकिनी, पण तो एक माणूस नाहीच, डेली अन् लुसेनो असे दोघं हायेत. मालिकेत गोधडीसारखे टाके दिसतात, पुस्तकात कमी.

स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ मालिकेच्या कार्टूनवरूनबी अॅलन डीन फॉस्टर या लेखकानं १० पुस्तकं काढली, भाग फक्त २२! ते सवडीनं वाचा, घाई नाही.