‘मेडिकलवाल्याला काही विचारू नका’ म्हणणाऱ्यांना

सोसायटीचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, शाळेचा ग्रुप. तिन्हीकडे सध्या एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: मेडिकलवाला म्हणजे दुकानदार, त्याला औषधातलं काही कळत नाही. सल्ला द्यायचा त्याला कायद्याने अधिकारच नाही. जे सांगतो ते माल खपवायला. तेव्हा गूगल करा आणि औषधं ॲपवरून मागवा.

मी परळला एका मेडिकलमध्ये चौदा वर्षं काउंटरवर उभी आहे, रजिस्टर्ड फार्मासिस्ट म्हणून. पहिल्यांदा वाचून हसले. तिसऱ्यांदा आला तेव्हा लिहायला बसले.

‘काही कळत नाही.’ डी.फार्म.ला, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाला, दोन वर्षं जातात, वर ५०० तासांचं ट्रेनिंग. बी.फार्म.ला, म्हणजे डिग्रीला, चार वर्षं. औषध पोटात गेल्यावर काय करतं आणि दुसऱ्या कुठल्या औषधाशी त्याचं पटत नाही, हेच तिथे शिकवतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच द्यायचं, हे १९४८च्या फार्मसी कायद्यात आहे. पण मेसेज लिहिणाऱ्याचा राग अगदीच उगाच नाही, हेही कबूल करते. भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं आणि काउंटरवर उभा भलताच, अशी दुकानं मुंबईत आहेत आणि आम्हालाच त्यांची जास्त लाज वाटते. अशा ठिकाणी सरळ विचारा, ‘फार्मासिस्ट कोण आहे?’ उत्तर द्यायला कोणी पुढे आलं नाही, तर चिठ्ठी खिशात घालून पुढच्या दुकानात जा.

‘अधिकार नाही.’ इथे मेसेज उलटाच आहे. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१५च्या नियमांप्रमाणे पेशंटला समजावून सांगणं हे आमचं कर्तव्य आहे. औषध कशासाठी, कधी आणि किती घ्यायचं, डोस चुकला तर काय करायचं, कशाने त्रास होऊ शकतो, ठेवायचं कुठे, हे सगळं त्यात येतं. आमचा अधिकार नाही तो रोग ओळखायचा. ‘छातीत दुखतंय, काहीतरी द्या’ म्हणणाऱ्याला डॉक्टरकडे पिटाळणं एवढंच आमचं काम. चिठ्ठीवर एका कंपनीचं औषध लिहिलं असेल तर परस्पर दुसरीचं देण्याचीही मुभा आम्हाला नाही. लोकांना हे पटत नाही, ‘सेमच आहे ना, द्या की’ म्हणून भांडतात, तो भाग वेगळा.

‘माल खपवायला सांगतात.’ मग ‘चिठ्ठी कुठाय?’ विचारून आम्ही गिऱ्हाईक का घालवतो? काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, झोपेच्या गोळ्या शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांच्या एका सरकारी यादीत येतात. १ मार्च २०१४ पासून त्यांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती गोळ्या दिल्या ते सगळं लिहायचं आणि तीन वर्षं सांभाळायचं. जुलै-ऑगस्टमध्ये तापाने फणफणलेला माणूस येऊन आयब्युप्रोफेन मागतो. आम्ही सांगतो, ही नको, डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढेल, पॅरासिटामॉल घ्या आणि रक्त तपासून या. पॅरासिटामॉलची पट्टी त्याहून महाग नसते. आणि सर्दीची गोळी आधीच चालू असेल तर तीही देत नाही, कारण बऱ्याच सर्दीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणारे आहेत का? आहेत. त्यांची बाजू मी घेणार नाही.

राहिलं गूगल आणि ॲप. लहान मुलांच्या अँटिबायोटिकच्या बाटलीत बऱ्याचदा नुसती पावडर असते. उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालून हलवायचं असतं. एक नवे आईबाप ती पावडर चमचा-चमचा काढून पाण्यात कालवून बाळाला देत होते. दोघं इंजिनिअर. गूगल त्यांच्याकडेही होतं, पण मुळात काही विचारायचं आहे हेच माहीत नसेल तर शोधणार काय?

आणि आमच्या मालवणी मावशी. लालबागच्या चाळीतल्या. एका सोमवारी आल्या आणि तोंड आलंय म्हणून लावायचं जेल मागितलं. जेल काढून ठेवलंही होतं, सवयीने विचारलं, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? पिशवीतून संधिवाताची पट्टी निघाली, मेथोट्रेक्सेट. मुलाने ॲपवरून मागवलेली. ही गोळी संधिवाताला आठवड्यातून एकदाच घेतात. विचारलं, कुठल्या वारी घेता? म्हणाल्या, ‘वार कसलो? रोज रात्री जेवल्यावर एक घेतंय.’ पाच दिवस झाले होते. तोंड आलं होतं ते त्यानेच.

जेल परत कप्प्यात टाकलं. त्यांना स्टुलावर बसवलं आणि चिठ्ठीवरच्या नंबरवर डॉक्टरांना फोन लावला. रक्तातल्या पेशी उतरल्या होत्या, चार दिवस ॲडमिट राहिल्या. चिठ्ठीत डॉक्टरांनी बरोबर लिहिलं होतं, ॲपनेही बरोबर गोळी पाठवली होती. फक्त इंग्रजीतलं ते ‘वीकली’ मावशींना कोणी वाचून दाखवलं नव्हतं.

गोळ्या अजूनही ॲपवरूनच येतात, स्वस्त पडतात. पण नवी पट्टी आली की मावशी ती घेऊन जिना उतरून दुकानात येतात. मी खाकी पाकिटावर स्केचपेनने ठळक वार लिहून देते. पेन उघडायच्या आधीच त्या म्हणतात, ‘बुधवार गो बाय, बुधवार.’