टीडीएस कमी म्हणजे नदी स्वच्छ? माझ्याच पोस्टचा खुलासा

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण. "पंचगंगेचा टीडीएस फक्त 210, म्हणजे पाणी स्वच्छ, मासे मरतात ही अफवा" ही पोस्ट मीच टाकली होती. ती चुकीची होती, आणि आता ती ग्रुपवर फिरतेय.

टीडीएसचा मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. सेंद्रिय घाण त्याला जवळपास दिसतच नाही. घरी करून बघा: ग्लासभर पाण्यात चमचाभर साखर विरघळवा, आकडा जेमतेम हलतो. (साखरेच्या जिल्ह्यात राहून मला हे उशिरा कळलं.)

सांडपाणी, मळी कुजवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. तो पहाटे सर्वांत कमी असतो, म्हणून तेव्हा मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यापाशी मासे मेल्याचे प्रकार खरेच घडलेत. अंघोळीच्या पाण्याच्या केंद्रीय निकषांत टीडीएस नाहीच. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान 5 मिलिग्रॅम आणि बीओडी (सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) जास्तीत जास्त 3 मिलिग्रॅम, हे आकडे त्यात आहेत.

पोस्ट मी काढून टाकलीय. कृपया तिचा स्क्रीनशॉट पुढे पाठवू नका, आणि जिथे पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.