यातला ‘मी’ नेमका कोण?

गुरुवारी संध्याकाळी पिंट्या ठाण्याच्या तलावपाळीवर आला आणि कुणाशी न बोलता कट्ट्याच्या टोकाला बसला. चहा आला, गार झाला, तरी कप हातातच. शेवटी नानांनी विचारलं, “काय रे, साहेबांनी झापलं की काय?”

झापलंच होतं. पिंट्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात परचेसला आहे. त्यांनी इंग्लंडहून एक पंप मागवलाय. तिकडून ड्रॉइंग आलं, साहेबांनी तपासलं आणि दौऱ्यावर निघता निघता म्हणाले, “मी ड्रॉइंग अप्रूव्ह केलंय, कळव त्यांना.” पिंट्याने लगेच मेल टाकला, ‘सर सेड दॅट आय हॅव अप्रूव्ह्ड द ड्रॉइंग.’ उत्तर आलं, की ऑर्डरच्या अटीप्रमाणे मंजुरी मॅनेजरची लागते, तुमची चालणार नाही. चार दिवस काम थांबलं. साहेब परत आले ते तापूनच. “तुला अप्रूव्ह करायला कुणी सांगितलं होतं?”

“आता सांगा,” पिंट्या म्हणाला, “मी कुठे म्हटलं, मी अप्रूव्ह केलं म्हणून? सर जे बोलले तेच शब्दाला शब्द लिहिलं.”

“शब्दाला शब्द लिहिलंस तिथेच फसलास,” मास्तर म्हणाले. मास्तरांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय. “डायरेक्ट-इनडायरेक्ट विसरलास? अवतरणचिन्हं गेली, दॅट आला, की सर्वनाम बदलायचं आणि क्रियापद एक पायरी मागे न्यायचं. सर सेड दॅट ही हॅड अप्रूव्ह्ड द ड्रॉइंग. पाच मार्कांना यायचं हे.”

वकील उसळलेच. “मास्तर, आपल्याकडे अर्धी ऑफिसं असंच इंग्रजी लिहितात आणि सगळ्यांना कळतं. हिंदीवाला ‘उसने कहा कि मैं आऊँगा’ म्हणतो, तोही तसंच लिहिणार. इंग्रजी आता आपलीही आहे. आपण का बदलायचं?”

“कारण पत्र इंग्लंडला गेलंय!”

“मग त्यांनी समजून घ्यावं.”

आवाज चढले. मला दोघांचंही पटत नव्हतं. मास्तर त्याला चूक म्हणत होते, वकील हक्क म्हणत होते, आणि पिंट्यासारख्या हुशार पोराच्या हातून हे नेमकं इथेच का घडतं, हे कुणीच विचारत नव्हतं. आम्हाला शाळेत ‘नाऊ’चं ‘देन’ करा, ‘धिस’चं ‘दॅट’ करा असा तक्ता पाठ करायला लावला. पण मराठीतला ‘की’ आणि इंग्रजीतला ‘दॅट’ दोन वेगळी कामं करतात, हे एकदाही कुणी सांगितलं नाही. याचा मला खरोखर राग आहे. पोरांना मठ्ठ ठरवलं गेलं ते यामुळे.

तेवढ्यात नानांचा नातू धावत आला. नऊ वर्षांचा पोरगा. “नाना, आजी म्हणाली की मी जेवायला थांबलेय, लवकर या.”

मी त्याला तिथेच थांबवलं. “काय म्हणालास? परत म्हण.” त्याने परत तेच म्हटलं. थांबलेय. मुलगा असून ‘थांबलेय’ म्हणाला, ‘थांबलोय’ नाही, आणि कट्ट्यावर कुणाच्याही मनात आलं नाही की जेवायला हा थांबलाय. आजीचा ‘मी’ त्याने जसाच्या तसा आणला आणि त्याला चिकटून आजीचं क्रियापदही आलं.

“बघा,” मी म्हटलं, “आपलं क्रियापद माणसाची खूण अंगावर घेऊन फिरतं. येतो, येते, येतोस, येतेस. सर्वनाम गाळलं तरी बहुतेक वेळा कोण ते कळतं. ‘येतो म्हणाला’ एवढं बोललो तरी पुरतं. इंग्रजीत आय विल कम, यू विल कम, शी विल कम. क्रियापदाच्या अंगावर काहीच नाही. ॲम-इज-आर, वॉज-वेअर सोडलं तर साध्या वर्तमानात ही-शी-इटला एक ‘स’ लागतो तेवढाच. सगळा भार सर्वनामावर. म्हणून तर पाऊस पडला तरी त्यांना ‘इट’ लागतो. आणि एवढा भार असलेलं सर्वनाम दुसऱ्याच्या तोंडचं उसनं आणून कसं चालेल?”

वकील गप्प बसणारे नव्हेत. “थांब. पिंट्याच्या वाक्यात ‘केलंय’ आहे. ते ड्रॉइंगप्रमाणे चालतं. साहेब असोत, मॅडम असोत, ‘केलंय’च. मग तुझी खूण कुठे गेली?”

मुद्दा खरा होता, आणि मला तो सुचला नव्हता. ‘मी ड्रॉइंग केलं, मी यादी केली, मी हिशेब केला’. ‘तू केलंस’मधला ‘स’ सोडला, तर भूतकाळात सकर्मक क्रियापद सहसा कर्त्याकडे बघत नाही. तरीही ‘सर म्हणाले की मी ड्रॉइंग अप्रूव्ह केलंय’ यात आपला गोंधळ होत नाही. का?

उत्तर नानांनी दिलं. नाना संस्कृत शिकलेले. “अरे, कारण ‘की’च्या पुढे म्हणणाऱ्याचं तोंड सुरू होतं. संस्कृतात बोलणं जसंच्या तसं ठेवून शेवटी ‘इति’ लावतात. आपलं ‘म्हणून’ तसंच, ‘येतो म्हणून सांगून गेला’. ‘की’ पुढून लागतो, ‘म्हणून’ मागून, पण मधले शब्द ज्याचे त्याचे. साहेबांनी पिंट्यालाच करायला सांगितलं असतं तर वाक्यच फिरलं असतं. ‘सर म्हणाले की तू अप्रूव्ह कर’.”

मला वाटतं त्या संध्याकाळचं सगळ्यात नेमकं बोलणं हेच. ‘दॅट’च्या पुढे मात्र म्हणणाऱ्याचं तोंड सुरू होत नाही. तिथे सांगणाराच बोलत राहतो, त्याच्या जागेवरून, त्याच्या वेळेवरून. म्हणून साहेबांचा ‘आय’ ‘ही’ होतो, आणि ‘हॅव’ मागे सरकून ‘हॅड’ होतो. सर्वनाम, उभयान्वयी अव्यय आणि क्रियापद, तिघं एकाच माणसाच्या नजरेनं बघतात.

आता वकीलच विचारात पडले. “कोर्टात हे भारी पडतं,” ते हळू आवाजात म्हणाले. “साक्षीदार म्हणतो, ‘तो मला म्हणाला की मी तुला बघून घेतो.’ याचं इंग्रजी करताना जर कुणी ‘ही टोल्ड मी दॅट आय विल डील विथ यू’ केलं, तर धमकी देणारा कोण आणि खाणारा कोण?” आम्ही बोटांवर मोजलं. मराठीतला ‘मी’ तिकडे ‘ही’, मराठीतला ‘तुला’ तिकडे ‘मी’, म्हणजे मलाच. ‘ही टोल्ड मी दॅट ही वुड डील विथ मी.’ मराठी ‘मी’ आणि इंग्रजी ‘मी’ एकाच वाक्यात समोरासमोर उभे, दोन वेगळी माणसं होऊन. पिंट्या पहिल्यांदा हसला.

ताई एवढा वेळ ऐकत होती. ती बरीच वर्षं लंडनला राहून आलीय. “मास्तर, पण तिकडे लोक तुमच्याइतकं मागे सरकत नाहीत हं. येणं अजून व्हायचं असेल तर सरळ ‘ही सेड हीज कमिंग टुमॉरो’ म्हणतात. दॅट तर बोलताना गळतोच. सर्वनाम मात्र कुणी चुकत नाही. आणि तरुण पोरं तर म्हणतात, ‘शी वॉज लाइक, आय ॲम नॉट कमिंग.’ तिथे ‘आय’ म्हणजे तीच. तोंडचे शब्द जसेच्या तसे.”

“म्हणजे आपला ‘की’च की!” वकील म्हणाले.

या ‘वॉज लाइक’ म्हणण्याच्या पद्धतीची नोंद अमेरिकेतल्या अभ्यासकांनी १९८२ मध्येच केली होती. मास्तरांना ते रुचलं नाही. “ते बोलण्यात. परचेसच्या मेलमध्ये ‘सर वॉज लाइक’ लिहिणार का?” ताईनेही मान डोलावली. तिथे नाहीच चालणार.

मग मेल लिहायला घेतला. मास्तरांचं वाक्य बरोबर होतं, पण ताईने खोडलं. “सेड कशाला हवं? साहेब काय बोलले हे त्यांना नकोच आहे. आणि नुसतं ‘सर’ म्हटलं तर कोणते सर, हे त्यांना काय कळणार? मॅनेजर लिही.” पिंट्याने फोनवर एकेका बोटाने टाइप केलं, ‘माय मॅनेजर हॅज अप्रूव्ह्ड द ड्रॉइंग. ही विल कन्फर्म इट टुडे.’ ‘इट’ हवा की नको यावर पुन्हा दहा मिनिटं गेली. मास्तर म्हणाले हवाच, मराठीत कर्म सहज गाळता येतं, इंग्रजीत तितकं नाही.

वकील निघताना म्हणाले, “तरी माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. आपल्या आपल्यात तसंच लिहीन.” नाना केव्हाच उठले होते. आजी जेवायची थांबली होती.