स्वस्त शहर आणि पाण्याचा दिवस

छत्रपती संभाजीनगरात राहणं म्हणजे स्वस्ताई, हे पुण्या-मुंबईवाल्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. अगदीच खोटंही नाहीये ते. भाडं परवडतं, दुपारी घरी जेवायला येऊन एक डुलकी काढून परत ऑफिस गाठता येतं, नान-खलिया हाणला तरी पाकीट शाबूत राहतं. फक्त पाण्याचं विचारू नका.

पाणी नाही असं नाही हो. पन्नासेक किलोमीटरवर पैठणला नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय आहे, तिथून निघायचं, फारोळ्याला शुद्ध व्हायचं, नक्षत्रवाडीला चढायचं आणि मग शहरात उतरायचं, एवढा प्रवास करून बिचारं दमत असेल, आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा आलं तरी खूप. त्यात कुठे पाइप फुटला नाहीतर लाइट गेली की गॅप वाढतोच.

त्यामुळे पाहुणे, बारसं, गोधड्या धुणं, सगळं पाण्याच्या दिवसावर ठरतं. मावशी शुक्रवारी येते म्हणाली तर आमची ही म्हणे, "रविवारी या ना मावशी, रविवारी पाणी आहे." मावशीला फोनवर धड ऐकू येत नाही, तिला वाटलं पूजा आहे, ती नारळ घेऊन हजर.

प्रत्यक्ष पाणी येतं ते रात्री अडीचला. ग्रुपवर मेसेज पडतो, "आलं." बास. कसलं ते विचारायची गरज नसते. पहिलं गढूळ पाणी बादलीत, मग हौद, मग ड्रम, कळशा, कुकर, पोरांच्या वॉटरबॅगा, सगळं भरायचं. तेवढ्यात शेजारच्या काकू गॅलरीतून, "अहो, मोटर बंद करा, आमच्याकडे धारसुद्धा येईना!" मी म्हणतो, "बंदच आहे काकू!" आणि माझ्या मागे मोटर घूंऽऽ करत असते. काकूंचीही असतेच.

भाड्यात वाचलेले पैसे मग कुठे जातात? मोटर जळली की वायंडिंग, गच्चीवर दुसरी टाकी, प्यायला जार, आणि एप्रिल-मेमध्ये टँकर, तोही टँकरवाल्याची मर्जी सांभाळून. फ्लॅट बघायला गेलो तेव्हा बिल्डरचा माणूस मॉड्युलर किचन दाखवत होता आणि आमचे बाबा खाली पार्किंगमध्ये हौदाचं झाकण उचलून आत वाकलेले. वर येऊन म्हणाले, घ्यायला हरकत नाही. किचन त्यांनी अजून नीट बघितलेलं नाही.

चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने नहर खोदून याच शहरात पाणी आणलं, पंप नाही, लाइट नाही, नुसत्या उतारावर. पाहुण्यांना पाणचक्की दाखवायला नेलं आणि तिथे पाणी पडत असलं की लोक सेल्फी काढतात, आमची ही मात्र मनातल्या मनात हंडे मोजते.

आता नवी योजना आहे. डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन झालं तेव्हा १६८० कोटींची होती, पुढे २७४० कोटींवर गेली, पाण्याआधी आकडाच चढला. पण पाइप बाकी जबरदस्त, अडीच मीटर व्यासाचा. पैठण रोडला कडेला पडलेला दिसला तेव्हा बाबांनी गाडी थांबवायला लावली, आत जाऊन ताठ उभे राहिले, तरी डोकं टेकेना. आतूनच ओरडले, "फोटो काढ रे पटकन, पाणी सुरू झालं की असं उभं राहता यायचं नाही!"

आईने गाडीतूनच सांगितलं, "सावकाश काढ, घाई नाही."